गुपित-गळती चाचणी

१९९९ च्या मार्च महिन्यात डोंबिवली पूर्वेच्या रम्यनगर सहकारी गृहनिर्माण संस्थेत चोवीस बिऱ्हाडं, एक बोअरवेल आणि पाच कॉम्प्युटर होते. पैकी बोअरवेल आणि दोन कॉम्प्युटर बंद होते. ही माहिती संस्थेच्या इतिवृत्तातून जशीच्या तशी घेतली आहे.

त्याच महिन्यात संस्थेचे सेक्रेटरी आनंदराव खांबेकर यांच्या वाचनात एक बातमी आली. काही प्रोग्राम म्हणे गोड रूप घेऊन घरच्या कॉम्प्युटरमध्ये शिरतात, एका कोपऱ्यात दबा धरून बसतात आणि घरात काय चाललंय ते टेलिफोनच्या वायरीतून आपल्या मालकाला कळवतात. आनंदराव ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांनी बातमी कापली, कोऱ्या कागदावर डकवली आणि तिच्यावर आवक क्रमांक टाकला. एकदा आवक क्रमांक पडला की आनंदराव ब्रह्मदेवालाही सोडत नसत.

तातडीची सभा गच्चीवर भरली. तळमजल्यावरच्या केशरबाईंनी रास्त शंका काढली.

"अहो, आपल्याकडे हेरण्यासारखं आहे काय? माझ्याकडं बघाल तर कॉम्प्युटरसुद्धा नाही."

"केशरबाई," आनंदराव गंभीरपणे म्हणाले, "शत्रूला नेमकी हीच गाफील वृत्ती हवी असते."

शत्रू कोण हे विचारायचं धाडस कुणालाच झालं नाही. स्टेशनजवळच्या एका दुकानदाराने हेरांना अडवणारे तीन प्रोग्राम वापरून बघायला दिले होते: 'रक्षा-कवच', 'पहारेकरी ९९' आणि 'सुपर गार्ड'. तिघांच्याही खोक्यांवर 'शंभर टक्के संरक्षण' असं लिहिलं होतं. तिन्ही शंभर टक्के असतील तर त्यातला जास्त कुठला, हे ठरवायला चाचणी हवी होती, आणि चाचणी करायला तपासनीस.

तपासनीस घरातच होता. चौदा नंबरचे महिपत नाखवा मूळचे ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातले. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं प्रेशर कुकरचे सेफ्टी व्हॉल्व्ह तपासले होते. दिवसाला सातशे व्हॉल्व्ह त्यांच्या हातांखालून जायचे. प्रत्येकाला वाफेचा दाब द्यायचा, योग्य आकड्याला तो उडाला तर 'पास'चा शिक्का, नाहीतर भंगाराचा डबा. दीड वर्षापूर्वी निवृत्त झाल्यापासून तपासायला काही उरलं नव्हतं. ते दुधाच्या पिशव्या दाबून बघत, दाराच्या कड्या ओढून बघत. त्यांची पत्नी सगुणाबाई या प्रकाराला जेरीला आली होती.

सभेने त्यांचं नाव पुकारलं तेव्हा महिपतरावांची पाठ आपोआप ताठ झाली. त्यांची मुलगी नंदा कल्याणच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची आणि तिचा कॉम्प्युटर चालू असलेल्या तिघांपैकी एक होता, म्हणून तिला तांत्रिक सदस्य नेमलं. आनंदराव स्वतः अध्यक्ष झाले. अशा रीतीने 'हेरप्रतिबंधक चाचणी उपसमिती' अस्तित्वात आली, आणि तिचा रबरी शिक्का त्याच आठवड्यात तयार झाला.

पहिल्या दिवशी नंदाने 'रक्षा-कवच' चढवलं. पडद्यावर हिरवी अक्षरं आली: तुमचा कॉम्प्युटर सुरक्षित आहे. ते उतरवून 'पहारेकरी ९९' चढवलं. पुन्हा हिरवी अक्षरं. 'सुपर गार्ड'चीही तीच गत. मग आनंदरावांच्या आग्रहावरून तिन्ही एकदम चढवले, तेव्हा प्रत्येकाने उरलेले दोघे हेर आहेत अशी तक्रार केली.

"म्हणजे तिन्ही पास?" आनंदरावांनी पेन उघडलं.

"थांबा," महिपतराव म्हणाले. "वाफ नसताना व्हॉल्व्ह शांतच बसतो. म्हणून तो चांगला ठरत नाही. आधी हेर आणा."

मुद्दा बिनतोड होता. दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर लागलं: 'ज्या सभासदांकडे हेर असेल त्यांनी तो सकाळी नऊ ते अकरा या वेळेत उपसमितीकडे जमा करून पोच घ्यावी.' कुणी आलं नाही. शेवटी नंदाने क्लासमधून एक फुकटचा प्रोग्राम आणला. त्यात एक पोपट होता. तो पडद्यावर यायचा, पंख फडफडवायचा, गुड मॉर्निंग म्हणायचा आणि तुमचं नाव, वय, आवडनिवड विचारायचा.

"हा हेर आहे?" महिपतरावांना तो दिसायला भला वाटला.

"सगळे म्हणतात तसं. फुकट आहे ना बाबा, म्हणून."

पोपट आठ दिवस कॉम्प्युटरात ठेवला. तिन्ही रखवालदारांनी त्याला आळीपाळीने तपासून सोडून दिलं. आता प्रश्न असा पडला की पोपटाने काही चोरलं की नाही? नंदाने कॉम्प्युटरमध्ये काय काय आहे ते वाचून दाखवलं: तिचा स्वतःचा बायोडेटा, संस्थेचं पाणी सोडण्याचं वेळापत्रक आणि पत्त्यांचा एक खेळ.

महिपतरावांनी मान हलवली. "टाकी रिकामी असेल तर गळती कशी कळणार? आत काहीतरी भरलं पाहिजे. चोरण्यासारखं."

"खोटी खोटी गुपितं लिहू," नंदा म्हणाली. "टाइमपास होईल."

आनंदराव खुर्चीतून अर्धवट उठले. "संस्थेच्या दप्तरी खोटी माहिती? ऑडिटमध्ये याचा खुलासा कोण करणार?"

महिपतरावांनाही ते पटत नव्हतं, पण वेगळ्या कारणाने. कारखान्यात त्यांनी कधी खोट्या वाफेवर व्हॉल्व्ह तपासला नव्हता. ते म्हणाले, "गुपित खरंच पाहिजे. बाहेर गेलं तर माणसाला लागेल असं."

हे वाक्य आपणच बोललो याचा त्यांना पुढे बरेच दिवस पश्चात्ताप होणार होता. त्या क्षणी मात्र ते इतकं शास्त्रशुद्ध वाटलं की आनंदरावांनी लगेच ठरावात घेतलं. प्रत्येक बिऱ्हाडाने आपलं एक खरं गुपित 'नमुना ग'मध्ये तीन प्रतींत द्यायचं. एक प्रत कॉम्प्युटरमध्ये भरण्यासाठी, एक ताडून पाहण्यासाठी, एक कार्यालयीन. गुपित खरं असल्याबद्दल त्याच इमारतीतल्या दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक. वर ठळक अक्षरांत 'अत्यंत गोपनीय'. फॉर्मच्या झेरॉक्स प्रती जिन्याखाली ठेवल्या जातील.

पहिल्या दिवशी लोक बिथरले. आमच्या घरात गुपितं नाहीत, असं बऱ्याच जणांनी दारातूनच सांगितलं. आनंदरावांनी अशांना 'गुपित नसल्याचा दाखला' आणायला सांगितलं. तो कुठे मिळतो हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यांनाही नव्हतं. दाखला आणण्यापेक्षा गुपित देणं सोपं, असं लोकांच्या लक्षात आलं. चौथ्या दिवशी बावीस बिऱ्हाडांचे फॉर्म जमा झाले होते. केशरबाईंनी एकटीने सात आणले, त्यातला एकच घेतला गेला, तरी त्यांनी पुरवणी कागद मिळेल का म्हणून विचारलं.

मग एक विचित्र गोष्ट घडली. आनंदरावांनी काही फॉर्म 'गुपित किरकोळ स्वरूपाचे' असा शेरा मारून परत पाठवले आणि ज्यांचे परत आले ते नाराज झाले. तिसऱ्या मजल्यावरचे रघु म्हात्रे उपसमितीपुढे येऊन म्हणाले, "शेजाऱ्याचं पास होतं आणि माझं किरकोळ? मी काय साधा माणूस वाटलो तुम्हाला?" दुसऱ्या दिवशी त्यांनी असं गुपित आणलं की आनंदरावांनी चष्मा काढून पुसला. त्यानंतर एकही फॉर्म परत पाठवावा लागला नाही.

राहता राहिला चौदा नंबर. तपासनीसालाही सूट नव्हती. महिपतरावांनी आधी लिहिलं की आपण लहानपणी शेजारच्या होडीतली सुरमई पळवली होती. आनंदरावांनी ते वाचलं. "महिपतराव, तुम्हीच म्हणालात ना, लागेल असं पाहिजे."

महिपतराव फॉर्म घेऊन घरी आले. सगुणाबाई बाजाराला गेली होती. टेबलाशी बसून त्यांनी बराच वेळ पेनाचं टोपण उघडबंद केलं. मग एका दमात लिहून काढलं.

बावीस वर्षांपूर्वीची दुपार होती. कारखान्यात निरोप आला की सगुणाला दवाखान्यात नेलंय आणि डॉक्टरांनी नवऱ्याला ताबडतोब बोलावलंय. टेबलावर बाराशे व्हॉल्व्ह होते, बाहेर ट्रक उभा होता. बदली तपासनीस नव्हता. महिपतने ते व्हॉल्व्ह एकदाही वाफेवर न धरता बाराशे वेळा शिक्का मारला, पास, पास, पास, आणि पळत सुटला. नंदा सुखरूप जन्मली. सगुणाही वाचली. बाराशे व्हॉल्व्ह बाराशे घरांत गेले. तेव्हापासून रोज सकाळी वर्तमानपत्र हातात आलं की महिपतराव पहिल्यांदा कुठे कुकर फुटल्याची बातमी आहे का ते बघायचे. बावीस वर्षांत तशी एकही बातमी आली नव्हती, आणि म्हणूनच ती उद्या येईल असं त्यांना रोज वाटायचं.

लिहून झाल्यावर त्यांना एकदम हलकं वाटलं. आता दोन साक्षीदार लागत होते. आनंदरावांनी मजकूर चेहऱ्यावरची रेषही न हलवता वाचला.

"घटनेची तारीख टाकलेली नाही," ते म्हणाले.

महिपतरावांनी तारीख टाकली. दुसरी सही केशरबाईंनी केली. त्यांनी मजकूर दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "कुणाला सांगायची नाही हो मी. आजवर कुणाचं सांगितलंय?"

चोवीस गुपितं नंदाने कॉम्प्युटरमध्ये भरली. म्हणजे तेवीस तिने भरली. चौदा नंबरचं महिपतरावांनी एका बोटाने स्वतः टाइप केलं, तिला बाहेर जायला सांगून. त्याला पूर्ण सकाळ लागली. मग 'रक्षा-कवच' चालू केलं आणि पोपट मोकळा सोडला.

आता गळती मोजायची होती. गुपित फुटलं की नाही हे कसं ओळखायचं? आनंदरावांचं म्हणणं सरळ होतं. बाहेरच्या लोकांना ते माहीत झालं असेल तर फुटलं, नसेल तर नाही. म्हणजे बाहेरच्या लोकांना विचारलं पाहिजे. त्यासाठी जवळचं दिवा हे ठिकाण मुक्रर झालं, कारण तिथे रम्यनगरला ओळखणारं कुणी नव्हतं आणि पाण्याच्या टँकरच्या रांगेत शंभर माणसं हमखास, तीही कुठेच न जाणारी, मिळणार होती. प्रश्नावली चोवीस प्रश्नांची होती. प्रत्येक प्रश्नाची सुरुवात एकच: 'पुढील गोष्ट आपणास ठाऊक आहे काय?' त्याखाली गुपित. नावं अर्थातच वगळली होती. गोपनीयतेच्या बाबतीत आनंदराव काटेकोर होते.

सर्वेक्षणाला महिपतराव आणि स्वेच्छेने केशरबाई गेल्या. नळ कोरडे, ऊन रणरणतं आणि हंड्यांची रांग कोपऱ्यापलीकडे गेलेली. आतापर्यंत वेळ जात नसलेल्या बायका खुशीने उत्तरं द्यायला लागल्या. महिपतराव एकेक प्रश्न सरकारी आवाजात वाचत होते. चौदाव्याला आले तेव्हा त्यांनी कागद चेहऱ्यासमोर धरला.

"एका व्हॉल्व्ह तपासनीसाने बाराशे कुकर-व्हॉल्व्ह न तपासता पास केले, ही गोष्ट आपणास ठाऊक आहे काय?"

"नाय बा," रांगेतली एक बाई म्हणाली. "मेला कोण हाय तो?"

महिपतरावांनी 'नाही'च्या रकान्यात बरोबरची खूण केली. ती खूण त्यांनी त्या दिवशी पन्नास वेळा केली. "मेला", "मुडदा" आणि "याला वाफेवरच बसवा" हे शेरे मात्र रकाना नसल्यामुळे नोंदता आले नाहीत. केशरबाई थोड्या अंतरावर दुसरी रांग बघत होत्या. त्यांच्या रांगेतून मधूनमधून "अगं बाई!" असा आवाज येत होता. लोकांना प्रश्न कळावा म्हणून त्या थोडं विस्ताराने समजावत होत्या, एवढंच.

पहिल्या फेरीचा निकाल: ठाऊक आहे, शून्य. 'रक्षा-कवच' शंभर टक्के पास. आनंदरावांनी सभेत टाळ्या वाजवायला परवानगी दिली.

आठ दिवसांनी 'पहारेकरी ९९' चढवलं आणि नियमाप्रमाणे त्याच ठिकाणी दुसरी फेरी झाली. शंभरपैकी एक्क्याण्णव जणांना सगळं ठाऊक होतं. राहिलेले नऊ पहिल्या वेळी गावाला गेले होते. त्यांना रांगेतल्यांनी तिथल्या तिथे माहिती दिली. 'पहारेकरी ९९' साफ नापास. आणखी आठ दिवसांनी 'सुपर गार्ड'ची फेरी झाली, तेव्हा निकाल शंभराच्या वर गेला, कारण विचारलं नव्हतं ती माणसंही येऊन उत्तरं देऊ लागली. दिव्याच्या बायकांनी सातव्या आणि एकोणिसाव्या प्रश्नातल्या चुका दुरुस्त करून दिल्या. चौदावा प्रश्न आला तेव्हा पहिल्या वेळची तीच बाई कमरेवर हंडा सावरत महिपतरावांकडे बघून हसली.

"काय इचारता काका. तो तुमीच ना?"

महिपतराव तिथून उठले ते थेट घरी आले. दार सगुणाबाईनेच उघडलं. मासळीची पिशवी अजून हातात होती.

"बाजारात दगडाबाय भेटली," ती म्हणाली. "दिव्याची. ती म्हंते, तुजा घरवाला मोठा माणूस झाला, टँकरच्या लायनीत त्याचाच इषय हाय."

महिपतराव खाली बसले.

"बाराशे," सगुणाबाई म्हणाली. "खरं हाय?"

"खरं आहे."

"म्हून घरात कुकर नाय." तिने पिशवी खाली ठेवली. आवाज अजून चढला नव्हता, आणि तेच जास्त भीतिदायक होतं. "बावीस वर्सं मना सांगताव, कुकरमदला भात बेचव लागतो. बावीस वर्सं मी टोपात डाळ शिजवते. आख्ख्या बिल्डिंगीच्या शिट्ट्या वाजतात आनि व्हॉल्व्हवाल्याची बायको दुपारपत्तोर रॉकेल जाळते! मी समद्यांना सांगते, आमच्या ह्यांची जीभ नाजूक हाय म्हून!"

नंदा आतून आली. तिच्या हातात फॉर्मची ताडून पाहायची प्रत होती. ती तिच्याकडेच आली होती आणि तिने प्रथमच वाचली होती.

"बाबा, ही तारीख..."

"हो."

"माझा बर्थडे आहे."

"हो गं."

नंदाने कागदाची घडी केली, परत उघडली. "मला का नाही सांगितलं कधी?"

"काय सांगू? तुझ्यासाठी बाराशे घरांत बॉम्ब ठेवून आलो म्हणून?" महिपतराव म्हणाले. "तूच म्हणाली असतीस, बाबा, मग यायचं नव्हतं."

"मी एका दिवसाची होते बाबा, मी काय म्हणणार?" नंदाला हसू आलं आणि डोळेही भरले. सगुणाबाई दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. मग तिने पिशवी उचलली, आत गेली आणि मासळी साफ करता करता मोठ्याने भांडी आपटत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच बाजारात गेली आणि पाच लिटरचा कुकर घेऊन आली. महिपतरावांनी त्याचा व्हॉल्व्ह वीस मिनिटं तपासला. पहिली शिट्टी झाली तेव्हा ते उंबरठ्याबाहेर उभे होते.

अपेक्षा अशी होती की आता लोक त्यांना वाळीत टाकतील. झालं उलटं. दुसऱ्या दिवसापासून जिन्यात बायकांची रांग लागली. प्रत्येकीच्या हातात कुकर. रम्यनगरच्याच नव्हे, शेजारच्या चार सोसायट्यांच्या, आणि दिव्याहून आलेल्या सहा जणी. "काका, हा त्या बाराशेतला तर नाही ना?" महिपतराव चष्मा लावून व्हॉल्व्हवरचा नंबर वाचत, दाब देऊन बघत, हातात परत देत. चार दिवसांत त्यांनी एकशे अठरा कुकर तपासले. त्यातला एकही त्या दिवसाचा निघाला नाही. दोन मात्र खरोखर खराब होते. ते त्यांनी बाजूला काढले. निवृत्तीनंतर इतकी गाढ झोप त्यांना कधी लागली नव्हती.

बाकीच्या तेवीस बिऱ्हाडांचं एवढं बरं झालं नाही. कुणी कुणाशी बोलेना. दोघांनी एकमेकांच्या दारासमोर चपला काढणं बंद केलं. एका घरातली दोन माणसं सूचनाफलकावरून एकमेकांना निरोप देऊ लागली. रघु म्हात्रे कल्याणजवळ मोहन्याला भावाकडे राहायला गेले आणि तिथून त्यांनी पत्र पाठवून विचारलं की गुपित परत घेता येतं का. आनंदरावांनी कळवलं की एकदा दप्तरी दाखल झालेलं गुपित परत करण्याची तरतूद नाही; मात्र दुरुस्तीचा अर्ज करता येईल.

अंतिम सभा भरली. लोक एकमेकांकडे पाठी करून बसले होते. आनंदरावांनी अहवाल वाचला. निष्कर्ष स्पष्ट होता: 'रक्षा-कवच' अत्युत्तम, 'पहारेकरी ९९' असमाधानकारक, 'सुपर गार्ड' धोकादायक. सर्व सभासदांनी 'रक्षा-कवच' घ्यावं. ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही त्यांनीही घ्यावं, कारण गुपितं त्यांचीही फुटली होती.

"तपासनीस म्हणून इथे सही करा," आनंदरावांनी कागद पुढे सरकवला. शिक्काही पुढे सरकवला. त्यावर कोरलं होतं: तपासले, पास.

महिपतरावांनी शिक्का हातात घेतला. बोटांना तो ओळखीचा वाटला. त्यांनी तो परत खाली ठेवला.

"हे तपासलेलं नाही," ते म्हणाले.

"तीन फेऱ्या झाल्या!"

"फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत आपणच लोकांना सांगितलं आणि दुसऱ्या फेरीत आपणच विचारलं, माहीत आहे का. जे आधी चढवलं ते पास झालं. 'सुपर गार्ड' आधी चढवलं असतं तर ते अत्युत्तम ठरलं असतं."

"उपसमितीवर संशय घेणं उपसमितीच्या कार्यकक्षेत येत नाही."

"आणि काका," नंदा उठून उभी राहिली, "आमचा टेलिफोन सोळा मार्चपासून डेड आहे. कंप्लेंट टाकलीये, अजून कोणी आलेलं नाही. पोपट काय करणार? त्याने काही चोरलं असतं तरी पाठवणार कुठून?"

मग हळूहळू सगळ्यांच्या माना केशरबाईंकडे वळल्या. केशरबाई शांतपणे म्हणाल्या, "माझ्याकडं काय बघता? मी अधिकृत होते."

आनंदरावांनी अहवालाची पानं सारखी केली. "टेलिफोन हा वेगळ्या खात्याचा विषय आहे," ते म्हणाले. "त्याचा या अहवालाशी संबंध जोडता येणार नाही." त्यांनी सहीच्या जागी 'तपासनीस गैरहजर' असं लिहिलं, महिपतरावांच्या डोळ्यांदेखत. अहवाल बहुमताने मंजूर झाला. बहुमत कशासाठी झालं हे कुणी विचारलं नाही, कारण विचारायचं तर एकमेकांशी बोलावं लागलं असतं.

सभा उठली तेव्हा 'नमुना ग'ची जाडजूड फाईल टेबलावर राहिली होती. दिव्याच्या प्रश्नावलीत प्रत्येक गुपिताच्या दोन-तीन ओळीच गेल्या होत्या. फाईलीत पूर्ण मजकूर होता, नावानिशी, साक्षीदारांसह. महिपतरावांनी ती काखेत मारली. "नापास माल तपासनीसाच्या ताब्यात राहतो," ते म्हणाले. हा नियम आनंदरावांना माहीत नव्हता, पण तो नियमासारखा ऐकू आला, म्हणून त्यांनी वाट सोडली.

घरी नंदाने कॉम्प्युटरमधली सगळी गुपितं पुसली आणि जाता जाता पोपटही उडवून लावला. फाईल सगुणाबाईने घमेल्यात गरम पाण्यात भिजत घातली. तीन दिवसांनी तिचा लगदा झाला. सगुणाबाईने त्यात मेथीचं पीठ कालवलं, उलट्या टोपावर थापलं, गच्चीवर उन्हात वाळवलं. चोवीस बिऱ्हाडांच्या तिन्ही प्रतींची मिळून एक चांगली दणकट टोपली झाली. तिच्यात ती सुके जवळे ठेवू लागली.

महिपतरावांच्या मनाचं मात्र समाधान झालं नव्हतं. चाचणी अर्धवट राहिली होती आणि अर्धवट चाचणी त्यांना आता सोसत नव्हती. त्यांनी एक जुनी वही घेतली, रकाने आखले: अनुक्रमांक, नाव, पत्ता, सही. वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'नमुना ग मधील गुपिते संपूर्ण स्वरूपात वाचू इच्छिणाऱ्यांनी येथे नोंद करावी.' वही जिन्याखालच्या स्टुलावर ठेवली, पेन दोरीने बांधलं आणि ते वर निघून आले. वाचायला काही शिल्लक नव्हतं, हे त्यांच्याशिवाय दोनच माणसांना ठाऊक होतं.

शनिवारी त्यांनी वही उघडून बघितली. चोवीस बिऱ्हाडांच्या त्या संस्थेत एकसष्ट नावं झाली होती. ज्यांनी आपलं गुपित फुटलं म्हणून आठवडाभर जेवण सोडलं होतं, त्यांची नावं वरच्या दहांत होती. रघु म्हात्रेंनी मोहन्याहून पोस्टकार्ड पाठवून आपलं नाव लिहून घ्यायला सांगितलं होतं. आनंदरावांची नोंद 'कार्यालयीन कामासाठी' अशी होती. बरीच नावं तर महिपतरावांच्या ओळखीचीही नव्हती. ठाण्याची होती, कल्याणची होती, कुठकुठली होती. कुणालाही त्या गुपितांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना फक्त वाचायचं होतं.

महिपतरावांनी एकसष्टाव्या नावाखाली रेघ मारली नाही. वही उघडीच ठेवली, पेन दोरीला लोंबत ठेवलं. बासष्टावी ओळ कोरी आहे. रम्यनगरातल्या बाकीच्या तेवीस घरांनी काय लिहिलं होतं ते या गोष्टीत आता येईल, मग येईल, म्हणून तुम्ही इथवर आला असाल, तर पत्ता तुम्हाला ठाऊक आहे: डोंबिवली पूर्व, जिन्याखाली. फक्त सही नीट करा, वाचता येईल अशी.